रुखमाची सुई

५ जानेवारी १९७५

नागपूरचे सुताचे व्यापारी दरसाल एक डायरी देतात. आजवर ती कौशल्याच्या अभ्यासाला जायची. पोरगी मॅट्रिक होऊन घरी बसली, म्हणून यंदाची माझ्याकडे राहिली. मी सातवी शिकलेला माणूस. घरी दोन माग आहेत, अड्याळच्या बाजारात लुगडी-धोतरं विकतो. डायरीत लिहावं असं आयुष्यात काही घडलं नव्हतं. आता घडलं आहे आणि ते कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

रुखमाला, म्हणजे माझ्या बायकोला, मागे छातीत गाठ आली होती. नागपुरात डावी बाजू काढून टाकली. गावात आम्ही पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं. छातीचं नाव चारचौघांत कसं घेणार? दिवाळीपासून तिची कंबर आणि मांडी अशी धरली आहे की खाली बसली तर कौशल्याने हात दिल्याशिवाय उठता येत नाही. परवा पुन्हा नागपूरला नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, कॅन्सर हाडात उतरला आहे. बरा होणार नाही, पण काही काळ दाबून ठेवता येईल. पुरुषाच्या अंगात जो रस असतो, त्याचं इंजेक्शन आठवड्यातून तीनदा घ्यायचं. सगळ्यांना गुण येत नाही. ज्यांना येतो त्यांना दोन-तीन महिन्यांनी येतो. पुढे ते इंग्रजीत भरभर बरंच बोलले. मी मान हलवत राहिलो.

ही बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हनले जी डाक्तर?"

"हाडात वात शिरला हाये म्हनले. सुया घ्याव्या लागतीन."

"वातच हाये ना?"

"वातच."

८ जानेवारी

सरकारी उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. निर्मलाबाई त्यांचं नाव. वय चाळिशीचं, ठेंगण्या, सायकलवर येतात. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली. आमच्या चुलीवर त्यांनी सुई उकळली आणि औषधाची काचेची कुपी कितीतरी वेळ मुठीत धरून बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेल हाये भाऊ. थंड टोचलं त गाठ बसते, दुखते."

मग मला बाजूला घेऊन विचारलं, "या औषधानं काय काय होते ते डाक्तरनं सांगितलं ना?"

मी म्हटलं, सांगितलं.

"ताईले?"

"तिले कायले सांगायचं?"

त्या आत गेल्या, मला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. पण दार आमचं कुडाचं. सगळं ऐकू आलं. ओठावर, हनुवटीवर केस येतील. तोंडावर पुटकुळ्या येतील. आवाज जाड होईल, आणि एकदा जाड झाला की परत येणार नाही, सुई बंद केली तरी नाही. मग आणखी काहीतरी हळू आवाजात सांगितलं, आणि दोघी चक्क हसल्या.

रुखमाने विचारलं, "पन बाई, मले चालता येईन का?"

"येईन म्हनून वचन नाई देत. पाहू."

जाताना मी त्यांना बजावलं की रोगाचं नाव तिच्यापुढे घ्यायचं नाही. त्या म्हणाल्या, "मी आपनहून नाव घेनार नाई. पन ताईनं सरळ विचारलं त मी खोटं नाई बोलनार, भाऊ."

मला राग आला. सरकारी बाई, आमच्या घरच्या गोष्टीत हिला काय करायचं?

१२ फेब्रुवारी

काही गुण नाही. सुई घेतल्यावर ही कुशीवर पडून राहते. निर्मलाबाई एक दिवस चुकवत नाहीत. एका खेपेला उजवी बाजू, पुढच्या खेपेला डावी. टोचल्यावर कापसाने चोळतात आणि तेवढा वेळ बोलत बसतात. नुसत्या सुईची गोष्ट असती तर एवढा वेळ लागला नसता. मी मागावर बसलो की आतून दोघींच्या गप्पा ऐकू येतात. माझ्याशी ही इतकी कधी बोलली नाही.

कौशल्याला पवनीचं स्थळ आलं आहे. मारोतराव म्हणून आपल्यातलेच व्यापारी आहेत. मुलगा खेमराज सोसायटीत कारकून. घर चांगलं आहे.

१७ मार्च

आज सकाळी उठलो तर ही अंगणात सडा टाकत होती. उभी. वाकत होती आणि पुन्हा सरळ होत होती. मी दारातच उभा राहिलो. मला पाहून म्हणाली, "काय पाहून राह्यले? कालपासून दुखून नाई राह्यलं."

मी आत जाऊन देवापुढे हात जोडले. खरंच जोडले. पण लिहायचं तर सगळं लिहावं. तिने माझ्याकडे तोंड केलं तेव्हा ऊन तिच्या चेहऱ्यावर होतं आणि ओठावरची काळी लव मला स्पष्ट दिसली. आवाज तर महिन्याभरापासूनच फाटत होता. आता तो पूर्ण गड्याचा झाला आहे. परवा परसातून तिने हाक मारली तर मी "कोन हाय गा?" म्हणून विचारलं.

बायको चालायला लागली त्या दिवशी माणसाने काय पाहावं? मी ओठ पाहिला.

२ एप्रिल

हे लिहू की नको, असं झालं आहे.

दुपारी जेवून पडलो होतो. कौशल्या शेजारी गेली होती. ही जवळ येऊन बसली. मग आडवी झाली आणि माझ्या छातीवर हात ठेवला. ऑपरेशनपासून आमच्यात तसं काही राहिलं नव्हतं. आम्ही दोघंही पन्नाशीकडे आलो, पोरगी लग्नाची झाली. तिचा गाल माझ्या खांद्याला लागला आणि खुंट टोचले. "कोनीतरी आलं वाटते," म्हणून मी उठलो. कोणी आलं नव्हतं. ओसरीवर जाऊन सूत उकलत बसलो.

आत ती बराच वेळ तशीच पडून होती. मग भांडी घासल्याचा आवाज आला.

५ एप्रिल

निर्मलाबाईंना आडून आडून विचारलं, या औषधाने बाईमाणसाचा स्वभाव बदलतो का. त्यांना लगेच समजलं. सायकलचं हँडल धरून खाली पाहत म्हणाल्या, "होते भाऊ तसं. मन होते. पहिल्याच दिवशी मी ताईले सांगितलं होतं. त्याईले वाटलं, डाक्तरनं तुमालेही सांगितलं असन."

म्हणजे मला माहीत आहे असं समजून ती आली होती. आणि मी उठून गेलो.

हिला बोलून दाखवायला पाहिजे. पण कोणत्या तोंडाने बोलू?

२० एप्रिल, रविवार

आज पवनीची मंडळी पोरगी पाहायला आली. मारोतराव, त्यांची बायको आणि खेमराज.

काल संध्याकाळीच मी हिला सांगितलं की पाहुणे जाईपर्यंत मागच्या खोलीत राहा, तू माहेरी गेली म्हणून मी सांगतो. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "बरं," म्हणाली. मला वाटलं, समजदार आहे.

कौशल्याने पोहे आणले. मारोतरावांनी विचारलं, "विहीनबाई दिसून नाई राह्यल्या?"

मी म्हणालो, "सिहोऱ्याले गेली, माहेरी. भावाची तब्येत बरी नाई."

कौशल्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं.

तेवढ्यात चुलीवर चहाचं दूध उतू गेलं. आणि सवयीने आतून हाक आली, "कौशल्ये, दूध पाय व!"

मारोतराव म्हणाले, "घरी गडीमानूस हाये वाटते."

मी म्हणालो, "हो. मागावरचा गडी हाये."

"मंग बोलवा ना त्याले, चहा घेईन आमच्यासंगं."

"नाई येनार जी. लाजाळू हाये."

खेमराज हसला. त्याची आई हसली. मीही हसलो.

मंडळी गेल्यावर कौशल्या घागर घेऊन पाण्याला निघून गेली. ही खोलीतून बाहेर आली, उष्टी ताटं उचलली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "त्या गड्याले मजुरी काय देता जी?"

मी उठून मागावर जाऊन बसलो.

२८ एप्रिल

पवनीहून होकार आला. लग्न जूनमध्ये.

४ मे

झोप नाही. लग्नात आई पुढे लागणार. मांडवात बसावं लागणार, विहिणीच्या गळ्यात पडावं लागणार. निर्मलाबाई दोन दिवसांआड ब्लेडने तिची हनुवटी साफ करून देतात, पण आवाजाचं काय? लोक काय म्हणतील? करणी झाली म्हणतील. हिजडा म्हणतील. पोरीचं लग्न मांडवात मोडेल.

आज निर्मलाबाईंना म्हटलं, सुया बंद करू. लग्नापुरतं तरी.

"डाक्तरले विचारावं लागन. बंद केल्या त दुखनं परत येईन, भाऊ. आनं आवाज काई परत येनार नाई. केस थोडे कमी होतीन, बस."

"थोडा तरी फरक पडन ना आवाजात?"

"नाई पडत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं ना."

त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि तरी माझ्या मनाने घेतलं की काहीतरी फरक पडेलच.

९ मे

सूत आणायला नागपूरला गेलो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. आत डॉक्टर बसलेले होते. त्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही. पाच वाजताच्या एस.टी.ने परत आलो.

घरी सांगितलं की डॉक्टर भेटले, आता सुया बंद करा म्हणाले.

१० मे

निर्मलाबाई आल्या. मी तेच सांगितलं. "काई लिहून देल्लं का?" त्यांनी विचारलं.

"तोंडी सांगितलं."

त्या माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. मी दोरा जोडत होतो, मान वर केली नाही. मग त्यांनी उकळायला ठेवलेली डबी चुलीवरून उतरवली.

इथपर्यंत सोसलं असतं. पण ही आतून आली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "म्हंजे बरं झालं का बाई? वात गेला?"

निर्मलाबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, "हो. गेला म्हनले."

दुपारी तिने मारुतीला नारळ फोडला. आळीत प्रत्येक घरी स्वतः जाऊन प्रसाद दिला. तोंडावर पदर धरून, पण गेली. म्हणाली, "पोरीच्या लगनात मी धडधाकट असन, यापरीस काय पाहिजे?" आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

मी खाल्ला.

१२ जून

काल लग्न लागलं. सगळं नीट निभावलं. रुखमाचा घसा बसला आहे, बोलू नका म्हणून वैद्याने सांगितलं, असं मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तीही दिवसभर एक शब्द बोलली नाही. खुणेने वाढलं, खुणेने ओटी भरली.

पोरगी निघाली तेव्हा सगळ्या बाया मोठ्याने रडत होत्या. हिने पदराचा बोळा करून दातात धरला होता. खांदे हलत होते, आवाज नव्हता. कौशल्या तिला सोडत नव्हती. "रड ना माय, रड ना," म्हणत होती. हिने मान हलवली आणि बोळा आणखी आत घेतला.

कोणाला काही कळलं नाही. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

१३ जून

काल लिहिलेलं वाचलं. ओझं उतरलं असं मी लिहिलं आहे. खोडणार नाही.

२४ जुलै

धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, गावात माणूस नाही. हिची कंबर पुन्हा धरली आहे. आठ-दहा दिवस ती माझ्यापासून लपवत होती. आज चुलीपासून उठताना भिंतीला धरलं आणि तिथेच खाली बसली. घामाने भिजली होती. "बरं झालं होतं ना जी?" म्हणाली. "मंग काहून दुखून राह्यलं?"

मी म्हणालो, "ओल धरली असन. पानकाळा हाये."

हनुवटीवरचे केस विरळ झाले आहेत. आवाज तसूभर बदलला नाही. ज्यासाठी केलं ते झालं नाही, आणि जे होऊ नये ते झालं.

३० जुलै

निर्मलाबाईंनी तिला पाहिलं. मांडीच्या हाडावर नुसतं बोट ठेवलं तर ही ओरडली. निर्मलाबाई मला म्हणाल्या, "उद्या नागपूरले न्याचं. मी संगं येतो. रजा काढतो."

मी म्हटलं, रस्ते खराब आहेत, चार दिवस थांबू.

"तुमी नाई आले त मी एकटी नेतो."

१ ऑगस्ट

काल नागपूरला गेलो होतो. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

डॉक्टरांनी रुखमाला तपासलं. मग विचारलं, "गुण आलेला होता ना? मग इंजेक्शन बंद कोणी केलं?"

खोलीत आम्ही चौघं होतो. मी पायांकडे पाहत राहिलो. मी बोलणार होतो, असं मला वाटतं. पण त्याआधी निर्मलाबाई बोलल्या. "माझी चूक झाली सर. लिहिलेलं काही न पाहता मी बंद केलं."

डॉक्टर त्यांना खूप बोलले. मराठीत बोलले, इंग्रजीत बोलले. इतकी वर्षं नोकरी करून एवढं कळत नाही का, पेशंटच्या जिवाशी खेळ आहे का, असं. त्यांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी त्यांना बोलू दिलं. माझ्या वाट्याचं त्यांनी खाल्लं आणि मी उभा होतो.

डॉक्टर म्हणाले, आता दोन वाटा आहेत. तीच इंजेक्शनं पुन्हा सुरू करून पाहायची. या वेळी तेवढा गुण येईलच असं नाही. नाहीतर दुसऱ्या गोळ्या आहेत. त्यांनी डोक्याचे केस गळू शकतात, उलट्या होतात, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायला इथे यावं लागतं. "घरी विचार करून ठरवा," असं ते मला म्हणाले.

निर्मलाबाई म्हणाल्या, "सर, त्यांनाच विचारते."

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. मी उभा होतो. निर्मलाबाईंनी दोन्ही औषधं तिला समजावून सांगितली. कशाने काय होतं, कशाने काय होत नाही, तिच्या बोलीत सांगितलं. रुखमा ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, वाताले एवढाल्या दवाया नाई लागत. मले काय झालं हाये?"

निर्मलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागत नव्हत्या. मला वेळ देत होत्या. मी तोही घेतला नाही.

"कॅन्सर हाये, ताई. तीच गाठ. हाडात गेली हाये."

रुखमा म्हणाली, "मले वाटतच होतं काहीतरी. नाव मालूम नव्हतं." मग विचारलं, "जानार नाई ना हा?"

"नाई जानार. दुखनं कमी करता येईन. मी करन."

तिने निर्मलाबाईंचा हात घेतला आणि नुसता धरून ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "मंग तीच सुई दे. मिशा आल्या त येऊ दे. मले उभं राहाचं हाये."

मी एस.टी.ची वेळ पाहून येतो म्हणून निघालो, तर तिने मागून हाक मारली. त्या आवाजात. सगळा व्हरांडा वळून पाहू लागला.

"आयका जी. त्या रोजी तुमी डाक्तरले भेटलेच नाई ना?"

आता मी खोटं बोललो नाही. याचं मोठेपण मला नको. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"नाई भेटलो."

ती म्हणाली, "मी नारळ फोडला जी."

एवढंच. रस्ताभर निर्मलाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून आली. मी मागच्या सीटवर होतो.

६ ऑगस्ट

सुया सुरू झाल्या. मी निर्मलाबाईंना गाठून म्हटलं की डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगतो, तुमची चूक नव्हती. त्या म्हणाल्या, "सांगा. पन माझी चूक होतीच. तुमी मान वर नाई केली, तेव्हाच मले समजलं होतं. मी विचाराले पाहिजे होतं. घरवाल्यासंगं कायले भांडाचं, म्हनून चूप राह्यली. बाई माझी पेशंट होती, तुमी नाई."

त्या सायकलवर बसून गेल्या. मी समजत होतो की त्यांनी माझ्यावर दया केली. त्या तर आपलीच लाज सांगत होत्या.

२९ ऑगस्ट

नागपूरला जाऊन डॉक्टरांना सांगितलं. दारात पेशंट उभे होते, त्यांच्यासमोर सांगितलं. डॉक्टर फक्त म्हणाले, "पुढचा." त्यांच्या लेखी माझ्या सांगण्यात काही नव्हतं. ते लिहून घेण्यासारखंही नव्हतं.

१४ सप्टेंबर

निर्मलाबाईंना आठ दिवस पवनीकडे कॅम्पला जायचं होतं. त्या म्हणाल्या, सुखरामभाऊ, तुम्ही सुई शिकून घ्या, मी दाखवते. मी तयार झालो. खरं सांगायचं तर आनंद झाला. काहीतरी माझ्या हाताने होईल असं वाटलं.

रुखमा आतून म्हणाली, "यायच्या हातची सुई मी नाई घेत."

निर्मलाबाईंनी तिची समजूत काढली नाही. कॅम्प आटोपून सुईच्या दिवशी संध्याकाळी सायकलने येते म्हणाल्या, आणि येतात. येऊन-जाऊन किती कोस पडतात ते मी त्यांना विचारलं नाही.

२१ सप्टेंबर

पवनीला गेलो. मारोतरावांना ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. रोग सांगितला, औषध सांगितलं, आणि त्या दिवशी दुधासाठी हाक मारणारा गडी कोण होता तेही सांगितलं.

त्यांनी सुपारी कातरून तळहातावर घेतली. मग म्हणाले, "रोग लपवला याचा राग नाई मले. रोग कोनालेही होते. तुमी बायको लपवली, सुखरामजी."

त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या बाईच्या घरचा चहा पेलो आमी. आनं हसलो." आणि आत निघून गेली. जेवायला थांबा असं कोणी म्हटलं नाही.

कौशल्या फाटकापर्यंत आली. "माय कशी हाये?" विचारलं. मी कसा आहे ते विचारलं नाही.

६ नोव्हेंबर

दिवाळीला कौशल्या आणि खेमराज आले. कौशल्याची सासूही न बोलावता आली. तिने आपल्या हाताने रुखमाला तेल लावलं, अंघोळ घातली. आत तिघी बाया बोलत होत्या. एक आवाज जाड होता. खेमराज ओसरीवर माझ्याजवळ बसला होता. तो मुद्दाम मोठ्याने बोलत राहिला, मला वाटतं मला अवघड होऊ नये म्हणून. चांगला पोरगा आहे.

दुखणं थोडं कमी आहे. मार्चसारखं नाही. काठी घेऊन अंगणात येते. निर्मलाबाई म्हणतात, मिळालं तेवढं घ्यायचं. केस पुन्हा आले आहेत, पूर्वीपेक्षा दाट. आता ती ब्लेड लावू देत नाही. म्हणते, "रोज रोज कोनासाठी?"

माझ्याशी बोलते. जेवा म्हणते, दिवा लावा म्हणते. त्याच्यापुढे नाही.

११ डिसेंबर

आज अड्याळचा बाजार होता. मी बैलबंडीवर गठ्ठा ठेवला तर ही काठी घेऊन बाहेर आली. अंगावर नवं लुगडं. "मी येतो," म्हणाली.

आजवर बाजारात मीच बसत आलो. मी म्हटलं, धक्के बसतील, दुखेल. "दुखन त दुखन," म्हणाली आणि बंडीत बसली. निर्मलाबाईंना विचारायला पाहिजे, असं म्हणालो. "त्यायनंच सांगितलं, मनाले वाटते ते कर म्हनून."

ओट्यावर चादर पसरली, लुगडी मांडली. मला वाटलं ती मागे भिंतीला टेकून बसेल. ती पुढे बसली. डोक्यावरचा पदर मागे होता, हनुवटी उघडी. आणि भर बाजारात तिने हाक दिली, "या व बाई, लुगडं पाहून जा! घरच्या मागाचं हाये!"

तो आवाज मिरचीवालीच्या, बांगडीवाल्याच्या पलीकडे गेला. माणसं थांबली. दोन पोरी एकमेकींना कोपर मारून हसल्या. कोणीतरी म्हणालं, "बाई हाये का बुवा हाये?"

मी खाली पाहिलं. हातात एक लुगडं होतं, त्याची घडी करत बसलो. मग मला कळलं की मी काय करतो आहे, आणि मान वर केली. पण उशीर झाला होता. तिने मला खाली पाहताना पाहिलं होतं.

ती रागावली नाही. आजवर जे दिसत आलं तेच पुन्हा दिसल्यावर माणूस कशाला रागावेल?

एक म्हातारी समोर येऊन उकिडवी बसली. तिला हिचं तोंड दिसत होतं, पण ती काठ पाहत होती. "रंग जाईन का व?"

"गेला त परत आनून दे. मी इथंच बसतो आता, दर बाजारी," रुखमा म्हणाली. मग माझ्याकडे न वळता हात मागे केला. "ते हिरवं द्या जी. आनं घडी मोडा त्याची. बाईले पुरतं दिसू द्या."

मी घडी मोडली आणि लुगडं तिच्या हातात दिलं.